गारव्याचा माग

डोंबिवलीला माझ्या मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिच्या झोपायच्या खोलीत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, चार वर्षं ओल येत होती. आधी ताटाएवढा पिवळट डाग, मग फुगलेला रंग, मग पोपडे, आणि पोपड्यांखाली कापसासारखा पांढरा लोणा. दर दिवाळीला रंगारी खरवडून पुट्टी भरायचा आणि पुढच्या श्रावणात डाग परत उमटायचा. त्या कोपऱ्यापासून चार हातांवर वरच्यांचं बाथरूम येतं, म्हणून निदान कधीच ठरून गेलं होतं: वरच्यांचं बाथरूम गळतंय. वरच्या वहिनींनी वाद नको म्हणून स्वतःच्या खर्चानं फरश्या उखडल्या, नवं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पुढच्या पावसात डाग आलाच. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आल्या तरी दोघी बोलत नव्हत्या. इतकी वर्षं एकमेकींच्या घराची किल्ली सांभाळणाऱ्या या बायका. मला त्या डागापेक्षा याचंच जास्त वाईट वाटायचं.

मागच्या ऑक्टोबरमध्ये एक तरुण इंजिनिअर थर्मल कॅमेरा घेऊन आला, तेव्हा मी तिथे होते. कॅमेरा कसला, हातात धरायच्या ड्रिल मशिनसारखं दिसणारं यंत्र, पाठीमागे छोटा पडदा. येण्याआधी त्यानं फोनवर बजावलं होतं की सकाळपासून एसी लावू नका, पलंग भिंतीपासून सरकवून ठेवा, खिडकीचा पडदा काढा आणि तासभर पंखा चालू राहू द्या. त्यानं यंत्र कोपऱ्याकडे रोखलं. पडद्यावर भिंत नारिंगी-पिवळी दिसली आणि कोपऱ्यातून खाली ओघळ आल्यासारखा एक गर्द निळा पट्टा. मावशी पुढे वाकली आणि म्हणाली, "अगंबाई, पाणी दिसतंय की!"

"नाही काकू," तो म्हणाला, "यात पाणी दिसत नाही. गारवा दिसतो. पाणी आहे की नाही ते थोड्या वेळानं सांगतो."

घराच्या तपासणीसाठी हा कॅमेरा वापरणाऱ्यानं आणि वापरून घेणाऱ्यानंही आधी हे वाक्य नीट समजून घ्यायला हवं. त्याचा नव्वद टक्के गैरवापर या एका गोष्टीच्या विसरण्यातून होतो, असं मला वाटतं.

ओली भिंत गार का असते, हे आपल्याला माठानं कधीच शिकवून ठेवलंय. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन हवेत उडतं आणि उडताना लागणारी उष्णता माठातूनच घेऊन जातं. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जवळजवळ २,४०० जूल उष्णता लागते. तेवढी उष्णता एक किलो विटेतून काढून घेतली तर ती वीट तीनेक अंशांनी गार होईल. भिंतीच्या पोटात शिरलेलं पाणी गिलाव्यातून वाट काढत पृष्ठभागावर येतं, तिथून उडतं आणि तेवढा भाग शेजारच्या कोरड्या भिंतीपेक्षा गार पडतो. हाताला कदाचित जाणवणार नाही इतकाच. कॅमेऱ्याला मात्र जाणवतो, कारण बऱ्यापैकी कॅमेऱ्याला एका अंशाच्या दहाव्या किंवा विसाव्या भागाएवढा फरकही ओळखू येतो.

तो कसा ओळखतो, याची गोष्ट १८०० सालापासून सुरू होते. युरेनस ग्रह शोधणारा विल्यम हर्शेल इंग्लंडमध्ये सूर्याचं निरीक्षण करत होता. वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून पाहताना डोळ्यांना कधी उष्णता जास्त जाणवते, कधी कमी, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं लोलकातून ऊन टेबलावर पाडलं आणि फुगा काळा केलेला थर्मामीटर एकेका रंगात ठेवून पाहिला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावं तसा पारा जास्त चढत गेला. त्यानं थर्मामीटर तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे ठेवला आणि पारा आणखी वर गेला. न दिसणारा प्रकाश असतो, हे माणसाला कळलेला तो पहिला क्षण. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला अवरक्त किरण म्हणून शिकलो. हर्शेलच्या मुलानं, जॉन हर्शेलनं, १८४० मध्ये या उष्णतेचं ओबडधोबड का होईना, कागदावर चित्र उमटवून दाखवलं.

ही किरणं काढायला सूर्यच लागतो असं नाही. समोरची भिंत, पलंग, पाण्याचा तांब्या, तुम्ही, मी, सगळेच रात्रंदिवस ती बाहेर टाकत असतो. खोलीच्या साधारण तापमानाला, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला, भिंतीचा एक चौरस मीटर जवळपास ४६० वॅट एवढी ऊर्जा या किरणांच्या रूपात सोडत असतो आणि आजूबाजूच्या वस्तूंकडून जवळपास तेवढीच परत घेत असतो. म्हणून ती गार होऊन जात नाही. तापमान एका अंशानं वाढलं की ही ऊर्जा सव्वा-दीड टक्क्यानं वाढते. कॅमेरा टिपतो तो एवढाच बारीक फरक. या किरणांची तरंगलांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या सुमारे वीसपट असते. डोळ्यांना ती दिसायची शक्यताच नाही.

कॅमेऱ्याच्या आत हजारो सूक्ष्म ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे अधांतरी टांगलेला एक पातळ पापुद्रा. उष्णता पडली की तो किंचित तापतो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. कल्पना जुनीच आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सॅम्युअल लँगली यानं १८८० च्या सुमारास अशाच तत्त्वावर सूर्याची उष्णता मोजणारं बोलोमीटर बनवलं होतं. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आगा कंपनीनं विजेच्या तारा तपासायला पहिले व्यापारी थर्मल कॅमेरे काढले, पण त्यांचे संवेदक द्रवरूप नायट्रोजननं थंड ठेवावे लागत. असली वस्तू घेऊन कोण कुणाच्या बेडरूममध्ये येणार? पुढे हनीवेल कंपनीनं अमेरिकन लष्करासाठी केलेलं सूक्ष्म बोलोमीटरचं काम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुप्ततेतून बाहेर आलं. थंड करायची गरज संपली, किंमत उतरत गेली आणि कॅमेरा इमारतीच्या दारापर्यंत पोहोचला. मावशीकडच्या इंजिनिअरच्या हातातलं यंत्र मधूनच 'टक्' असा आवाज करायचं. आतली छोटी झडप क्षणभर बंद होते आणि सगळे ठिपके एकाच तापमानाची झडप पाहून आपलं माप जुळवून घेतात, असं त्यानं सांगितलं. तोलण्याआधी तराजूचा काटा शून्यावर आणावा तसंच.

एका गोष्टीचा मला फार अचंबा वाटला. कॅमेऱ्याच्या पुढचं भिंग काचेचं नसतं. ते जर्मेनियमचं असतं, करड्या धातूसारखं चकाकणारं, आपल्याला त्यातून आरपार काहीच दिसत नाही. उलट खिडकीची स्वच्छ काच या किरणांना भिंतीसारखी आडवी येते. मी खिडकीच्या काचेमागे उभी राहिले तर पडद्यावर मी नव्हतेच. काचेत दिसत होतं ते कॅमेरा धरणाऱ्याचंच पुसट प्रतिबिंब. मग त्यानं मावशीच्या स्वयंपाकघरातली कचऱ्याची काळी पिशवी मागितली आणि मला तिच्यात हात घालायला लावला. पिशवीतून माझी पाचही बोटं लख्ख दिसली.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग दुधाच्या पातेल्याचा. नुकतंच तापवलेलं दूध, चकचकीत स्टीलचं पातेलं, हात लावला तर चटका बसेल. पडद्यावर मात्र पातेल्याची बाजू खोलीइतकी गार, आणि तिच्यात आमच्या तिघांच्या आकृत्या. घासूनपुसून लख्ख केलेला धातू स्वतःची किरणं फार कमी सोडतो आणि दुसऱ्यांची मात्र परतवतो. इंजिनिअरनं पातेल्याला काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवला. तेवढाच तुकडा पडद्यावर पांढराशुभ्र पेटला. पातेलं एकच, तापमान एकच, पण एका जागी कॅमेरा खरं बोलतो आणि बाजूलाच साफ खोटं. रंग लावलेली भिंत, गिलावा, लाकूड, माणसाची त्वचा यांच्या बाबतीत तो विश्वासाचा. नळ, स्टीलची रेलिंग, ॲल्युमिनियमची खिडकी, विजेच्या पेटीतली उघडी तांब्याची पट्टी यांच्या बाबतीत नाही. हे ज्याला ठाऊक नाही, तो चकाकणाऱ्या पाइपाला 'गार, म्हणजे गळका' ठरवून मोकळा होईल.

हा कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहतो, हा समजही असाच. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान पाहतो, आत काय चाललंय त्याचा बाहेर उमटलेला परिणाम. अमेरिकेत हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९९२ मध्ये ऑरेगन राज्यात डॅनी कायलो नावाच्या माणसाच्या घरावर सरकारी अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून थर्मल कॅमेरा रोखला. गॅरेजचं छप्पर आणि एक भिंत शेजाऱ्यांच्या घरांपेक्षा फार गरम दिसली. आत प्रखर दिव्यांखाली गांजाची झाडं वाढवली जात होती. सरकारचं म्हणणं असं की आम्ही घरात डोकावलोच नाही, बाहेर पडलेली उष्णता तेवढी पाहिली. २००१ मध्ये न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की वॉरंटशिवाय असं पाहणं म्हणजे घराची झडतीच. भिंतीच्या बाहेरच्या अंगावरूनही आतलं आयुष्य वाचता येतं, हे न्यायाधीशांनी ओळखलं होतं.

घरं तपासायचं हे तंत्र वाढलं ते थंड देशांत, आणि तिथला प्रश्न आपल्या उलट. १९७३ च्या तेलसंकटानंतर युरोप-अमेरिकेत घर गरम ठेवण्याचा खर्च डोईजड झाला आणि ऊब नेमकी कुठून निसटते ते शोधण्याची निकड आली. जानेवारीत न्यू जर्सीतल्या लाकडी सांगाड्याच्या घरात आतून कॅमेरा फिरवला की भिंतीतले उभे लाकडी खांब सोळा-सोळा इंचांवर फिक्या गार पट्ट्यांसारखे मोजता येतात, आणि त्यांच्यामधला एखादा चौकोन पूर्ण काळा दिसला तर तिथे कापसासारखं उष्णतारोधक भरायचंच राहून गेलंय हे उघड होतं. तिकडे घर विकत घेण्याआधी तपासनीस आणून घर पाहायची रीत आहे. तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळीही ती पाळतात, फक्त थर्मल कॅमेरा त्या नेहमीच्या तपासणीत धरलेला असतोच असं नाही, बहुतेकदा वेगळा सांगावा लागतो. या कामासाठी घराच्या आत आणि बाहेर साधारण दहा अंशांचा फरक हवा, असा तिकडचा दंडक. बाहेर थंडी आणि आत ऊब नसेल तर चित्रात काहीच उमटत नाही.

आपल्याकडे, म्हणजे मुंबई-ठाणे-कोकण-गोव्यात, एसी नसलेल्या घरात आत आणि बाहेर तापमान जवळपास एकच. म्हणून तिकडची पद्धत जशीच्या तशी इकडे आणली तर पदरात काही पडत नाही. तिकडे कॅमेरा निसटणारी ऊब शोधतो, इकडे त्याला उडणाऱ्या पाण्याचा गारवा शोधायचा असतो. आणि तिथे एक मोठी अडचण आहे, जी गळतीच्या मोसमात चित्र काढून देणारे फारसं सांगत नाहीत. पाणी उडायला हवा कोरडी लागते. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर ओली वस्तू जास्तीत जास्त आठ अंशांपर्यंत गार होऊ शकते. तीच आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ही मर्यादा दीड अंशाच्याही आत येते. म्हणजे ऐन जुलैत, भिंत गच्च भिजलेली असताना, चित्र सगळ्यात फिकं येतं. माठही पावसाळ्यात पाणी गार करत नाही, कारण तेच. म्हणून पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, भिंतीच्या पोटात अजून पाणी आहे आणि हवा कोरडी होऊ लागली आहे, तेव्हा हे काम चांगलं होतं. पंखा लावायला सांगितला होता तो यासाठीच.

गच्चीवर तर रंग उलटतात. आपल्याकडच्या जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा आणि वर चायना मोझेक असतं. एकदा त्या कोब्यात पाणी शिरलं की ते महिनोन्महिने आत बसून राहतं आणि सवडीनं खालच्या छतातून ठिबकतं. वरून बघाल तर गच्ची कोरडी ठणठणीत. पाण्याला तापायला काँक्रीटच्या जवळजवळ पाचपट उष्णता लागते. दिवसभर उन्हात ओल्या जागा हळू तापतात, म्हणून दुपारी त्या गार दिसतात. सूर्य मावळल्यावर कोरडी गच्ची भराभर निवते, ओल्या जागा मात्र ऊब धरून बसतात, आणि रात्री आठ वाजता त्याच जागा आजूबाजूपेक्षा गरम दिसतात. दुपारी निळं असलेलं रात्री लाल. चित्र कधी काढलं हे ठाऊक नसेल तर त्या लाल डागाचा अर्थ कुणी सांगू शकणार नाही. एखाद्या अहवालात चित्रांवर वेळ नसेल, तर तो अहवाल मी मानणार नाही.

रंगांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ते सगळ्यात जास्त फसवतात. निळा म्हणजे ओल, लाल म्हणजे आग, असं काही नसतं. कॅमेरा समोरच्या दृश्यातलं सर्वांत कमी तापमान निळ्याला देतो आणि सर्वांत जास्त लाल-पांढऱ्याला. अख्ख्या भिंतीत फरक अर्ध्या अंशाचा असला तरी तो तेवढाच ताणून भडक चित्र बनवतो. धडधाकट, सुकलेली भिंतसुद्धा अशा चित्रात भयंकर दिसू शकते. चित्राच्या कडेला तापमानाची पट्टी असते, वरच्या टोकाला किती आणि खालच्या टोकाला किती ते लिहिलेलं असतं. आधी ती वाचायची, मग चित्र. त्याच जागेचा साधा फोटो शेजारी आहे का, बाहेरचं तापमान आणि आर्द्रता नोंदली आहे का, हेही पाहायचं. रंगीत चित्रांची वीस पानं हातात ठेवून हजारो रुपये घेणारे आणि यातलं काहीच न देणारे मी पाहिले आहेत. घाबरलेल्या माणसाच्या खिशात हात घालणं सोपं असतं, याचा मला राग येतो.

विजेच्या बाबतीत मात्र हा कॅमेरा इतका उपयोगी आहे की निव्वळ तेवढ्यासाठीही तो घरात फिरावा असं मला वाटतं. मावशीकडचा गीझर २ किलोवॅटचा. चालू असताना तो साधारण पावणेनऊ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. पेटीतल्या एमसीबीचा स्क्रू जरासा सैल झाला आणि त्या सांध्यात ओहमचा दहावा भाग एवढाच विरोध निर्माण झाला, तर त्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेत सात-आठ वॅट उष्णता तयार होत राहते. रात्रीच्या छोट्या दिव्याएवढी उष्णता, एका स्क्रूच्या डोक्यावर, रोज सकाळी अर्धा तास. गीझर नीट चालतो, पाणी नेहमीसारखं तापतं. एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. वर्ष-दोन वर्षांत तारेवरचं प्लास्टिक कडक होतं, काळं पडतं, मग कधीतरी जळका वास. कॅमेऱ्यात हाच सांधा पहिल्या दिवसापासून ठिणगीसारखा उठून दिसतो. अट एकच, भार चालू हवा. गीझर, एसी, इस्त्री बंद ठेवून पेटी तपासली तर सगळंच सारखं दिसणार. आणि पेटीचं झाकण वायरमननंच काढायचं, घरच्या कुणी नाही. मावशीच्या पेटीत एका ओळीत सहा एमसीबी होते. पाच जवळपास सारखे आणि गीझरचा त्यांच्याहून तब्बल तीस अंशांनी जास्त. तिथे तापमानाच्या नेमक्या आकड्यापेक्षा शेजाऱ्यांशी तुलना बोलते. वायरमननं तिथल्या तिथे मेन स्विच बंद करून तारेचं जळकं टोक कापलं, नव्यानं आवळलं आणि अर्ध्या तासानं पुन्हा भार देऊन पाहिलं तेव्हा सहाही एका रंगाचे झाले होते.

आता तो कोपरा. निळा पट्टा दिसला म्हणून इंजिनिअरनं लगेच निकाल दिला नाही. आधी त्यानं दोन सुया असलेला ओलावामापक काढला आणि निळ्या पट्ट्यात, कडेला, आणि पट्ट्याच्या बाहेर दहा-बारा ठिकाणी टोचून आकडे पेन्सिलनं भिंतीवरच लिहिले. पट्ट्यात आकडे चढे, बाहेर उतरते. म्हणजे इथला गारवा पाण्याचाच. छताजवळ बीमलगत आणखी एक निळसर रेघ दिसत होती, तिथे मात्र मापक हललाच नाही. जाड काँक्रीटचं बीम रात्रीचा गारवा विटांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतं, एवढंच त्या रेघेत होतं. मापकाशिवाय आला असता तर त्यानं बीममध्ये गळती असल्याचं लिहून दिलं असतं आणि कुणीतरी तिथे छिन्नी चालवली असती.

मग त्यानं पट्ट्याचा आकार दाखवला. बाथरूमच्या बाजूला भिंत सलग एका रंगाची होती. गारवा सुरू होत होता तो खिडकीच्या वर, बाहेरच्या छज्ज्याच्या पातळीपासून, आणि खिडकीच्या कडेनं खाली उतरत होता. पाणी ज्या वाटेनं येतं तिचा माग असा मागे मागे नेता येतो. सुरुवात कुठे आहे ते पाहायचं, जिथे डाग मोठा आहे तिथे नाही.

पण बाथरूम सुटलं असं नुसत्या चित्रावरून म्हणायला तो तयार नव्हता. तो वर गेला. मावशीनं मला बरोबर पाठवलं, स्वतः गेली नाही. वहिनींनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काय हवं ते करून बघा, एकदा सोक्षमोक्ष लागू दे." नहाणी ट्रॅपचं तोंड चिंध्या आणि प्लास्टरनं बंद करून बाथरूममध्ये पाणी तुंबवलं, पातळीची खूण केली आणि २४ तास तसंच ठेवलं. खालून छताची चित्रं सकाळ-संध्याकाळ एकाच जागेवरून घेतली. काहीच बदललं नाही. भिंतीतल्या पाइपाचीही खात्री करून घेतली. गीझरचं कढत पाणी नळातून सोडलं तशी दोन-तीन मिनिटांत टाइलवर पाइपाची पिवळी रेघ उमटत गेली, वळणं घेत, काटकोनात, नळापर्यंत. रेघ कुठेही फुगली नाही, पसरली नाही. लपलेला पाइप नेमका कुठून गेलाय हे पाहताना वहिनी चकित झाल्या होत्या. त्यांच्या फरश्या उखडल्या तेव्हा हे कुणी दाखवलं असतं तर, एवढंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी छज्ज्यावर बाहेरून नळीनं पाणी मारलं. आधी खिडकीच्या खालच्या भागात, मग कडांना, सर्वांत शेवटी छज्जा भिंतीला मिळतो त्या सांध्यावर. वरून सुरुवात केली असती तर ओघळणारं पाणी सगळीकडून शिरू शकलं असतं आणि काहीच कळलं नसतं. सांध्यावर पाणी सुरू केल्यावर पाऊण तासानं आतल्या निळ्या पट्ट्याच्या माथ्यावर एक नवा गर्द ठिपका उमटला आणि हळूहळू खाली सरकू लागला. आम्ही सगळे श्वास रोखून पाहत होतो. बाहेरून पाहिलं तर छज्ज्याच्या सांध्यात केसाएवढा तडा. काँक्रीट आणि वीटकाम वेगवेगळ्या प्रमाणात तापतात-निवतात, फुगतात-आक्रसतात, आणि त्यांच्या सांध्यावर असे तडे पडतात. आपल्या हजारो इमारतींमध्ये पावसाचं पाणी याच वाटेनं आत येतं.

पैशाचा प्रश्नही त्या ठिपक्यानं सुटला. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये हे स्पष्ट आहे की बाहेरच्या भिंती, गच्ची आणि बाहेरचे सामाईक पाइप यांतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेनं करायची, आणि घराच्या आतल्या, संडास-बाथरूम-सिंकच्या गळतीची सभासदानं. म्हणजे पाणी कुठून येतं यावरच खर्च कुणाचा हे ठरतं. चार वर्षं हा खर्च आणि दोष दोन्ही एका चुकीच्या बाईच्या माथी होता. इंजिनिअरनं चित्रं, मापकाचे आकडे, पाणी मारल्याच्या वेळा आणि साधे फोटो एकत्र करून सहा पानं दिली. समितीनं ती वाचली, एकदा प्रत्यक्ष येऊन पाहिलं आणि नोव्हेंबरात परांची बांधून सांधा खोदून भरला. बाहेरचं काम होतं, मावशीच्या भिंतीला एक घाव बसला नाही.

काम झालं त्या संध्याकाळी वहिनी खाली आल्या, ते मी मुंबईला परतल्यावर मावशीनं फोनवर सांगितलं. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मावशीनं अजून त्या कोपऱ्याला रंग लावलेला नाही. गळती थांबली तरी भिंतीच्या पोटातलं पाणी जायला वेळ लागतो, आणि त्याआधी रंग चढवला तर ते आतच कोंडतं, असं तिला बजावलंय. इंजिनिअर जाताना ओलीची कड पेन्सिलनं आखून शेजारी तारीख घालून गेला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशी स्टुलावर चढून नवी कड आखते आणि तारीख लिहिते. मी फेब्रुवारीत गेले तेव्हा एकात एक चार रेघा होत्या, आणि सगळ्यात आतली तळहाताएवढी.